बॅटरीवाले ब्लाइंड्स सहा महिने चालतील म्हणाले होते, हॉलमधले महिन्याभरात झोपतात

बाणेरचा_पश्चिममुखी

नमस्कार मंडळी. पुण्यात बाणेरला वरच्या मजल्यावर राहतो, हॉलची मोठी स्लायडिंग खिडकी नेमकी पश्चिमेला, दुपारी तीननंतर सोफ्यावर बसवत नाही इतकं ऊन येतं, म्हणून मागच्या दिवाळीच्या आधी मोटरवर चालणारे रोलर ब्लाइंड्स बसवून घेतले. हॉलमध्ये दोन आणि बेडरूमना एकेक. भिंती फोडायच्या नव्हत्या म्हणून बॅटरीवाले घेतले, मोटर आणि बॅटरी दोन्ही वरच्या पाइपच्या आतच, टोकाला टाइप-सीचं भोक आहे तिथे वायर लावली की चार्जिंग. घ्यायचं मुख्य कारण बाबा, त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, हात वर करून साखळी ओढणं जमत नाही.

दुकानदार म्हणाला एकदा चार्ज केलं की सहा महिने बघायला नको. बेडरूमच्या बाबतीत तो खोटं बोलला नाही. पण हॉलमधले दोन्ही महिनाभरातच माना टाकतात, वर जाताना निम्म्यात थांबतात, परत बटण दाबलं की हातभर चढतात आणि नुसतं टीक टीक करत बसतात. मग मी शिडी आणतो, सोफा सरकवतो, एक्स्टेन्शन बोर्ड ओढतो, रात्रभर वायर लोंबत राहते आणि सकाळी बायको विचारते की हे ऑटोमॅटिक आहे ना नक्की.

तर प्रश्न असे की दिवसातून जास्त वेळा वरखाली केल्याने बॅटरी बसते का, म्हणजे घरच्यांना सांगू का की कमी वापरा, की बॅटरीच गेलीय, की चार्जर चुकीचा वापरतोय (मोबाइलचाच फास्ट चार्जर लावतो), आणि ती सोलरची पट्टी मिळते ती लावून फरक पडतो का. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो मोटर बदलू, पैसे लागतील.

कोथरूडचे_आप्पा

पडदे आणा हो सरळ. सुती, जाड अस्तराचे, आईच्या हातचे शिवलेले असतील तर उत्तम. त्यांना चार्जिंग लागत नाही.

ठाण्याचा_फिटर

आप्पा, तुमचं बरोबर आहे पण त्यांनी वडिलांसाठी घेतलेत ते वाचा की.

पश्चिममुखी दादा, मी हेच काम करतो, ब्लाइंड्स बसवणं आणि लोकांचे बिघडलेले परत नीट करणं. मोटर बदलायची घाई करू नका, दहातल्या बऱ्याच केसेसमध्ये मोटर ठणठणीत असते. आधी हे सांगा की हॉलचे ब्लाइंड केवढे आहेत आणि कापड कुठलं, ब्लॅकआउट (पूर्ण अंधार करणारं) की सनस्क्रीन (उजेड गाळून देणारं), आणि दुसरं म्हणजे बेडरूमची आणि हॉलची मोटर एकच मॉडेल आहे का, की हॉलची मोबाइल ॲपवरनं चालते. आणि तिसरं, जे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि कोणी बघत नाही, ते म्हणजे ब्लाइंड पूर्ण वर गुंडाळा आणि खाली उभं राहून दोन्ही टोकांकडे बघा, कापडाच्या कडा एका रेषेत आहेत की एका बाजूला सरकत सरकत गेल्यात. सरकलं असेल तर कापडाची कड ब्रॅकेटला घासत असते, तुम्हाला खालून दिसत नाही पण मोटरला जोर लावावा लागतो आणि जितका जोर तितका करंट. कड उसवल्यासारखी, दोरे निघाल्यासारखी दिसली तर समजा घासतंय.

अजून एक बघा, वरचं लिमिट, म्हणजे ब्लाइंड वर जाऊन जिथे थांबायचा ती जागा, कुठे सेट केलंय. खालची ॲल्युमिनियमची पट्टी वर जाऊन कव्हरला ठक्क करून आपटत असेल तर लिमिट दोन बोटं जास्त वर गेलंय, मोटर तिथे अडकून ढकलत राहते, सेन्सरला कळून थांबेपर्यंत सगळ्यात जास्त करंट ओढते. हे रोज होतं. बसवणाऱ्या मुलांना घाई असते, खिडकी पूर्ण मोकळी दिसावी म्हणून लिमिट टोकाला नेऊन ठेवतात आणि पुढच्या साइटवर पळतात.

बाणेरचा_पश्चिममुखी

फिटर दादा, हॉलचे दोन्ही साधारण सहा फूट रुंद सात फूट उंच, कापड ब्लॅकआउट, जाड. बेडरूमचे चार बाय चारच्या आसपास आणि कापड पातळ. मोटर वेगळी आहे, हॉलची वायफायवाली, कारण मुलाला बोलून पडदा उघडायचा होता. बेडरूमची फक्त रिमोटवाली. कापडाचं बघतो, आत्ता घरी नाहीये.

सर्किटराव

वायफाय म्हणालात तिथेच निम्मं उत्तर मिळालं.

जरा हिशोब करू, आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या मोटरचे खरे थोडे इकडेतिकडे असतील. समजा आतली बॅटरी 2000 एमएएचची आहे (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). ब्लाइंड वर जाताना मोटर साधारण 1 ॲम्पिअर घेते आणि अर्ध्या मिनिटात चढते असं धरलं तर एका चढाईला 8 एमएएचच्या वर थोडं गेलं. उतरताना वजन खालीच ओढतं त्यामुळे निम्म्यावर भागतं, म्हणजे एक पूर्ण फेरी 12 एमएएच. रोज एक फेरी केली तर 2000 भागिले 12, साधारण साडेपाच महिने. दुकानदाराचे सहा महिने इथून येतात, तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो.

उरलेलं अर्धं असं की ब्लाइंड हलत नसताना सुद्धा मोटर जागी असते, रिमोटचा हुकूम कधी येईल याची वाट बघत. साध्या 433 मेगाहर्ट्झच्या रिमोटवाल्या मोटरमधला रिसीव्हर अगदी चिमूटभर करंट घेतो, समजा 0.1 मिलिॲम्पिअर, म्हणजे दिवसाला 2.4 एमएएच, फेरीच्या पाचव्या हिश्शाएवढा. पण वायफायला राउटरशी सतत संबंध ठेवावा लागतो, झोप काढली तरी घटकाघटकाला उठून हजेरी द्यावी लागते. सरासरी 2 मिलिॲम्पिअर जरी धरले तरी दिवसाला 48 एमएएच. म्हणजे ब्लाइंड दिवसभर नुसता लटकून चार फेऱ्यांची बॅटरी खातो. 48 आणि 12 मिळून 60, 2000 भागिले 60 करा, तेहेतीस दिवस. तुमचा महिना आला की नाही?

म्हणून घरच्यांना कमी वापरा म्हणू नका, आईबाबांनी रोजची एक फेरी वाचवून तुम्हाला वर्षात दोनेक चार्जिंग वाचतील फार तर. राउटर लांब असेल, सिग्नल कमजोर असेल, तर वायफायची मोटर आणखी धडपडते, हेही लक्षात घ्या.

बोलून चालवायची हौस असेल तर झिगबी किंवा थ्रेडवाली मोटर घ्यायची असते, त्या बिनतारी पद्धती मुळात बॅटरीवरच्या वस्तूंसाठीच केल्यात, मोटर बहुतेक वेळ झोपलेली असते आणि वायफायचं काम भिंतीत प्लग केलेला हब करतो. किंवा साधी रिमोटवाली मोटर ठेवून एक आरएफ (म्हणजे रेडिओ लहरींवरचा) हब घ्यायचा जो रिमोटची नक्कल करतो. तोटा एवढाच की साध्या एकतर्फी आरएफमध्ये ब्लाइंड खरंच कुठे आहे हे ॲपला कळत नाही, ते अंदाजाने दाखवतं. घरात बसून बघायला डोळे आहेत त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही.

नाशिकची_गॅलरी

सर्किटराव छान सांगितलंत, पण मला एक विचारायचंय. आमच्याकडे रिमोटवाल्याच मोटर आहेत आणि पहिली दोन वर्षं छान चालल्या, आता तिसऱ्या उन्हाळ्यापासून पश्चिमेची मोटर लवकर संपते आणि पूर्वेची अजून ठीक आहे. दोन्ही एकाच दिवशी बसवल्या, एकच कंपनी, एकच साइझ. हे काय?

सर्किटराव

ऊन, दुसरं काय.

लिथियम आयनची बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते, चार्ज करून करून आणि नुसती वयाने. तीनशे ते पाचशे पूर्ण चार्जिंग झाल्यावर क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते असं साधारण धरतात. मोबाइलला ते लागू पडतं कारण तो रोज चार्ज होतो. ब्लाइंड वर्षातून दोनतीनदा चार्ज होतो, त्या हिशोबाने शंभर वर्षं चालायला हवा. तो चालत नाही कारण वय आणि उष्णता त्याला आधी गाठतात. आणि ही बॅटरी घरातल्या सगळ्यात गरम जागी बसवलेली असते, काच आणि कापड यांच्यामध्ये, वरच्या कोपऱ्यात, जिथे गरम हवा जाऊन कोंडते. मे महिन्यात दुपारी चारला त्या कव्हरला हात लावून बघा. त्यातून बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर गरमीत ती अजून लवकर खराब होते, पूर्ण भरलेली आणि तापलेली हे दोन्ही एकत्र तिला सोसत नाही.

त्यामुळे पश्चिमेच्या ब्लाइंडचं चार्जिंग दुपारी करायचं नाही, रात्री नाहीतर पहाटे करायचं. बहुतेक लिथियम सेलना 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असं सांगितलेलं असतं आणि दुपारच्या उन्हात त्या कोपऱ्यात तेवढं तापमान होणं काही अवघड नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मार्चमध्ये चार्जिंग केलं तर ऐंशी नव्वद टक्क्यांवर वायर काढली तरी चालतं, पण कोण शिडीवर चढून टक्के बघत बसणार, मी स्वतः बसत नाही. ते जमलं तर करा. दुपारचं चार्जिंग टाळा एवढं मात्र नक्की करा.

कोथरूडचे_आप्पा

बाहेरून बांबूची चिक लावायची, ऊन काचेपर्यंत येतच नाही. आमच्या वाड्यात होती.

सर्किटराव

आप्पा, या वेळी तुम्ही शंभर टक्के बरोबर. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर खोलीही थंड आणि बॅटरीही थंड. फक्त वरच्या मजल्यावर सोसायटी बाहेरून काही लावू देत नाही आणि वाऱ्याने चिक उडून खाली कोणाच्या गाडीवर पडली तर पुढचं तुम्ही निस्तरा.

मिनेसोटाची_थंडी

मी उलट्या टोकाकडून लिहिते. मूळची सांगलीची, आता अमेरिकेत मिनेसोटात. इकडे लहान मुलांच्या गळ्यात दोरी अडकू नये म्हणून नियम कडक झालेत, जून 2024 पासून तर नवीन ऑर्डरच्या ब्लाइंड्सना लोंबती दोरी जवळपास बंदच झाली, त्यामुळे बॅटरीवाले घरोघरी दिसतात. आमचे मधमाशीच्या पोळ्यासारखे खण असलेल्या कापडाचे आहेत आणि बॅटरी म्हणजे साधे अल्कलाइन पेन्सिल सेल, वर पट्टीच्या मागे एक नळी असते तिच्यात एकामागे एक बारा सेल.

इथली अडचण थंडीची. बाहेर उणे वीस असताना ब्लाइंड खाली सोडला की काच आणि कापडामधली हवा गारठते, आणि गारठ्यात अल्कलाइन सेलचा दम निघून जातो, सकाळी ब्लाइंड वर जायला नकार देतो आणि दुपारी ऊन आलं की शहाण्यासारखा वर जातो. पहिल्या हिवाळ्यात लोकांना वाटतं सेल संपले आणि सगळे बदलून टाकतात. थोडं थांबून बघायचं.

लिथियमचे एकदाच वापरायचे पेन्सिल सेल मिळतात ते उणे चाळीसपर्यंत काम करतात आणि गळत नाहीत, पण महाग, आणि नवीन असताना त्यांचा व्होल्टेज अल्कलाइनपेक्षा जास्त असतो, बारा एका ओळीत म्हटल्यावर तो फरक बाराने गुणला जातो. काही कंपन्या हेच वापरा म्हणतात आणि काही अजिबात वापरू नका म्हणतात, त्यामुळे आधी पुस्तिका बघा. रिचार्जेबल निकेलचे सेल घालायचा मोह होतो पण तो सेल 1.2 व्होल्टचा, साधा 1.5 चा. बारा सेलमध्ये 18 च्या ऐवजी 14.4 व्होल्ट मिळतात आणि मोटर पहिल्याच दिवशी लाल दिवा दाखवायला लागते.

सेल बदलताना सगळे एकदम बदला, जुनेनवे मिसळू नका, जो आधी संपतो तो उलटा चार्ज होऊन गळतो. गळून पांढरी हिरवी पावडर जमली तर थोडं व्हिनेगर कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, व्हिनेगर नसेल तर लिंबू, कारण आतलं रसायन अल्कली असतं. हातमोजे घाला आणि डोळ्यांपासून लांब. मग नीट कोरडं करून नवीन सेल. आणि बदललेली तारीख मास्किंग टेपवर लिहून पट्टीच्या मागे चिकटवून ठेवा, नवऱ्याच्या आठवणीवर विसंबू नका.

ठाण्याचा_फिटर

मिनेसोटा ताई, एकदम बरोबर. इकडे पेन्सिल सेलवाले कमी, पण रिमोटमध्ये सेल असतोच आणि गंमत सांगतो, ब्लाइंड बंद पडला म्हणून मला बोलावतात आणि निम्म्या वेळा रिमोटमधला बटन सेल गेलेला असतो. मी जाऊन सेल बदलतो, चहा पितो, व्हिजिटचे पैसे घेताना मलाच कसंतरी होतं. मोटरवर एक छोटं बटण असतं, ते दाबून ब्लाइंड हलला तर मोटर आणि बॅटरी दोन्ही ठीक आहेत, भानगड रिमोटची आहे. पण ते बटण अलगद एकदाच दाबा, बऱ्याच मोटर्समध्ये ते धरून ठेवलं की सेटिंग मोडमध्ये जातं, अजून धरलं तर सगळं रीसेट होऊन लिमिट पुसली जातात, मग ब्लाइंड उलटा गुंडाळून घेतो.

म्हापशाची_खिडकी

आमी म्हापशाचे, इथली कहाणी वेगळी. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला फारसं होत नाही पण ब्रॅकेटचे स्क्रू गंजतात आणि चार्जिंगचं भोक हिरवं पडतं. त्या भोकाला रबराचं बूच येतं ते लोक पहिल्या चार्जिंगलाच हरवतात. ते हरवू नका, हरवलं तर मोबाइलच्या दुकानात टाइप-सीची रबरी टोपी मिळते, दहावीस रुपयांत काम होतं. स्क्रू स्टेनलेसचे लावून घ्या. पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवून ब्लाइंड खाली सोडू नका, झोताने कापड भिजतं, जड होतं, आणि तसंच गुंडाळून ठेवलं की आठवड्यात काळे ठिपके. ओलं झालं तर खाली सोडून पंखा लावून वाळवायचं आणि मगच वर. आणि भिजलेलं ब्लॅकआउट कापड मोटरने ओढायचं नाही, वजन बघा किती होतं ते.

नाशिकची_गॅलरी

म्हापशाची ताई, कापड साफ कसं करता? आमच्या मदतनीस ताईंनी काचेचा निळा स्प्रे मारला होता त्याचे डाग अजून आहेत.

म्हापशाची_खिडकी

स्प्रे नको. कोरडा मऊ ब्रश, नाहीतर व्हॅक्यूमचा केसाळ ब्रश हलक्या हाताने. डाग असेल तर कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, फडका घट्ट पिळून टिपायचं, घासायचं नाही, ब्लॅकआउटच्या मागचा रबरासारखा थर सुटतो. वरच्या पाइपपर्यंत पाणी न्यायचंच नाही.

ठाण्याचा_फिटर

आणि तेल घालू नका! आवाज येतो म्हणून लोक शिलाई मशिनचं तेल नाहीतर चक्क खोबरेल घालतात, त्यावर धूळ बसून चिखल होतो आणि कापडाला डाग. मोटरच्या विरुद्ध टोकाला जी प्लॅस्टिकची पिन असते तिथे फार तर थोडा सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर मारून मग पिनेला पुसायचा.

बाणेरचा_पश्चिममुखी

बघितलं. उजव्या हाताचा ब्लाइंड खरंच सरकलाय, गुंडाळल्यावर डावी कड बोटभर बाहेर येते आणि ब्रॅकेटला लागते, दोरे पण निघालेत. डाव्या हाताचा सरळ आहे पण वर गेल्यावर ठक्क वाजतो, इतके दिवस मला वाटायचं तो बंद झाल्याचा आवाज आहे. आता सरकलेलं सरळ कसं करू, आणि चार्जरचं कोणी बोललं नाही. सी टू सी वायर लावली तर दिवा लागतच नाही, जुन्या चार्जरची चपट्या तोंडाची वायर लावली की लागतो.

सर्किटराव

चार्जरचं मी सांगतो. टाइप-सीच्या दोन्ही टोकांच्या वायरमध्ये चार्जर आधी विचारतो की समोर कोणी आहे का, आणि समोरच्या वस्तूत दोन छोटे रेझिस्टर असले तरच त्याला उत्तर मिळतं. स्वस्त मोटर्समध्ये ते रेझिस्टर गाळलेले असतात, त्यामुळे चार्जर करंट सोडतच नाही. जुन्या चपट्या तोंडाच्या चार्जरमधून 5 व्होल्ट कायम येत असतात म्हणून तिथे चालतं. मोटर बिघडलेली नाही. फास्ट चार्जरने नुकसानही होत नाही, मोटरने मागितल्याशिवाय तो व्होल्टेज वाढवत नाही. तीन मीटरची पातळ वायर मात्र नको, वाटेत व्होल्टेज पडतो आणि चार्जिंग रेंगाळतं.

पॉवर बँक कापडी पिशवीत घालून ब्रॅकेटजवळ अडकवली तर एक्स्टेन्शन लागत नाही, पण मोटर कमी करंट घेत असेल तर काही पॉवर बँक मध्येच बंद होतात, सकाळी बघून घ्या. आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांच्या मोटरला गोल पिनचा चार्जर येतो त्यांनी तोच वापरायचा. तो बहुतेक 8.4 व्होल्टचा असतो, दोन सेलच्या बॅटरीसाठी. पिन बसते म्हणून राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर खुपसू नका, बॅटरी फुगेल, पेटेलही.

सोलर पट्टीचं विचारलं होतंत. तुमची खिडकी पश्चिमेची, त्यामुळे दुपारनंतर चांगलं ऊन मिळेल आणि रिमोटवाल्या मोटरला ती पट्टी पुरून उरेल. काचेवर रिफ्लेक्टिव्ह फिल्म लावली असेल तर अर्धा प्रकाश तिथेच जातो हे धरा. दक्षिणेच्या खिडकीला मात्र फसगत होते. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यात वर छज्जा, म्हणजे दक्षिणेच्या काचेवर भर उन्हाळ्यात थेट ऊनच नाही, आणि लगेच पावसाळा. तिथे पट्टीचा उपयोग दिवाळीनंतर थंडीतच. तुमच्या वायफायवाल्या मोटरला पट्टी कितपत पुरेल याची मला शंका आहे, आधी ती बदला.

नाशिकची_गॅलरी

आम्ही दरवर्षी चार महिने मुलीकडे कॅनडाला जातो, तेव्हा ब्लाइंड कसे ठेवून जायचे?

सर्किटराव

निम्म्याच्या वर चार्ज करून, वर गुंडाळून नका ठेवू, खाली सोडून ठेवा म्हणजे कापडाला चुण्या नाहीत आणि आत ऊनही नाही. मोटर बंद करायची सोय असेल तर करा, बऱ्याच मोटर्सना मोटरवरचं ते छोटं बटण ठरावीक वेळ दाबलं की झोपेत जातात, पुस्तिकेत असतं. रिकाम्या बॅटरीवर कुलूप लावून जाणं सगळ्यात वाईट. ती हळूहळू अजून उतरत जाते, मग आतलं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं आणि परत आल्यावर चार्जर लावला तरी दिवा लागत नाही.

ठाण्याचा_फिटर

पश्चिममुखी, सरकलेलं असं सरळ करा. आधी स्पिरिट लेव्हल घेऊन पाइप आडवा सरळ आहे का बघा, एक ब्रॅकेट वरखाली असेल तर तेच कारण, स्क्रू सैल करून जुळवा. लेव्हल बरोबर असेल तर ब्लाइंड पूर्ण खाली सोडा, पाइप उघडा दिसेपर्यंत, आणि कापड जिकडे सरकतंय त्याच्या विरुद्ध टोकाला पाइपवर मास्किंग टेपचा दोनतीन इंचाचा तुकडा लावा. तुमचं डावीकडे जातंय तर टेप उजवीकडे. कापड जाड बाजूकडे ओढलं जातं. एक तुकडा लावा, वर घ्या, बघा, कमी पडलं तर त्यावर अजून एक. एकदम चार थर लावले तर उजवीकडे पळेल.

डाव्या हाताच्या ब्लाइंडचं वरचं लिमिट बोटभर खाली घ्या, ठक्क आवाज जायला हवा.

मोटरचं म्हणाल तर दुकानदाराकडून वायफायवाली बदलून साधी आरएफवाली घ्या, बेडरूमचीच कंपनी असेल तर एकाच रिमोटवर सगळे चालतील, वेगळ्या चॅनेलवर. सहा बाय सात ब्लॅकआउटचं वजन कापड आणि पट्टी धरून दोन किलोच्या आसपास जातं, ते त्याला आधी सांगा, चार बाय चारच्या पातळ कापडाला चालणारी मोटर तिथे बसवली तर चालेल पण कायम धापा टाकेल. त्याच्याकडून टॉर्क (मोटरची फिरवायची ताकद) लिहून घ्या, 1 न्यूटन मीटरच्या वरची असली तर निश्चिंत. आणि जुन्या मोटर आत बॅटरी असताना कचऱ्यात टाकू नका, दुकानदाराला परत घ्यायला लावा, नाहीतर कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंना ई-कचरा म्हणून वेगळ्या द्या.

बाणेरचा_पश्चिममुखी

फिटर दादा, टेप लावली, दोन तुकड्यांत सरळ झाला आणि वर जायला लागणारा वेळ पण कमी झालाय असं आईसुद्धा म्हणाली. लिमिट पण खाली घेतलं. मोटरचं दुकानदाराशी बोलतोय, तो म्हणतो वायफायवाली परत घेणार नाही पण फरकात बदलून देतो. मुलाची बोलून उघडायची हौस हबवर भागवू.

एकच विचारायचं राहिलं, पॅसेजच्या खिडकीला पण करायचाय, तिथे फॉल्स सीलिंगचं काम तसंही निघणार आहे.

ठाण्याचा_फिटर

मग तिथे बॅटरी कशाला! सीलिंगवाल्याच्या आधी वायरमनला बोलवा, खिडकीच्या वर पेल्मेटच्या (पाइप झाकणाऱ्या पेटीच्या) आत 5 ॲम्पिअरचा पॉइंट काढून घ्या, वायर सीलिंगच्या वरूनच जाईल म्हणजे प्लास्टर फोडायला नको. मोटरच्या बाजूला पॉइंट हवा, दुसऱ्या टोकाला काढला तर वायर सगळ्या रुंदीभर ओढावी लागते. कुठल्या बाजूला ते ब्लाइंडवाल्याला विचारून भिंतीवर पेन्सिलने खूण करून ठेवा, सीलिंगवाले कोणाचं ऐकत नाहीत पण खूण दिसली तर विचारतात.